शटर जड झालं की जोर लावू नका

गोंदिया, तिरोडा, आमगाव किंवा देवरी, कुठल्याही बाजार-ओळीत बघा, आपल्या समाजातल्या बऱ्याच कुटुंबांचं घर आणि दुकान एकाच छताखाली असतं. खाली किराणा, टेलरिंग किंवा चपलांचं दुकान आणि वर राहणं. काही घरांत त्याच खालच्या जागेत आता स्कूटर किंवा ऑटो उभा राहतो. समोर एक लोखंडी शटर. सकाळी ते वर जातं, रात्री इशानंतर खाली येतं आणि मधे जोहर, असर, मगरिबच्या वेळी पुन्हा ओढलं जातं. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तरी वर्षाला चौदाशेच्या वर होतात. इतकं राबणारं हे दार, पण आमचं लक्ष त्याच्याकडे जातं ते अडकल्यावरच.

वजन कोण उचलतं?

दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच लोखंडी शटरचं वजन साधारण शंभर किलोच्या घरात जातं. म्हणजे ४० किलोचे धानाचे अडीच कट्टे. तरीही घरातली बाई किंवा शाळेत जाणारा मुलगा ते वर सरकवतो. कारण वजन आपण उचलतच नाही. वरच्या पाईपवर बसवलेल्या स्प्रिंगा ते उचलतात. शटर खाली येताना स्प्रिंगला पीळ बसतो आणि वर जाताना तोच पीळ मदत करतो.

म्हणून शटर जड लागायला लागलं, तर "हात दुखत असेल" किंवा "थंडीमुळे असेल" असं म्हणून सोडून देऊ नये. एक तर गाईडमध्ये घाण साचली आहे, पट्टी वाकली आहे, नाही तर स्प्रिंग थकली आहे. स्प्रिंग थकलेली असताना दोघा-तिघांनी मिळून जोर लावून शटर वर नेलं, की डोक्यावर शंभर किलो लोखंड लटकतं.

कंबरेच्या उंचीची तपासणी

महिन्यातून एकदा हे करा. मुलांना दूर ठेवा. शटर कंबरेइतकं वर घ्या, पाय बाजूला ठेवा आणि हात हळूच सैल करा. शटर जागेवर थांबलं किंवा थोडंसंच हललं, तर स्प्रिंग ठीक आहे. धाडकन खाली येत असेल तर स्प्रिंग सैल झाली किंवा तुटली आहे. स्वतःहून वर पळत असेल तर पीळ जास्त आहे. एक बाजू खाली आणि एक वर दिसत असेल तर दोन्हीकडचा तोल बिघडला आहे. यातलं काहीही दिसलं तर मिस्त्रीला बोलवा.

घरी काय करायचं?

दोन्ही बाजूंचे गाईड, म्हणजे ज्या चॅनेलमधून शटर सरकतं ते, आधी ब्रशने आणि सुक्या कापडाने साफ करा. आपला जिल्हा राईस मिलचा. हवेतला कोंडा आणि रस्त्याची धूळ गाईडमध्ये जाऊन बसते. त्यावर घट्ट ग्रीस थापलं तर कणकेसारखा गोळा होतो आणि शटर आणखी अडकतं. शिलाई मशीनचं पातळ तेल कापडावर घेऊन गाईडला पुसल्यासारखं लावा आणि जास्तीचं टिपून घ्या. कुलूप आणि कडीलाही दोन थेंब द्या.

खालची पट्टी जमिनीला टेकते, म्हणून गंज तिथूनच चढतो. तिच्यापुढे पाणी साचू देऊ नका. गंज दिसला तर पॉलिश पेपरने घासा, रेड ऑक्साइड लावा, मग रंग. ईदच्या आधी घाईने गंजावरच जाड रंग मारायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. तो रंग पट्ट्यांच्या सांध्यात शिरतो, वाळतो आणि शटरची गुंडाळी नीट होत नाही.

ही सफाई वर्षातून दोनदा हवी: मेअखेर पावसाआधी आणि ऑक्टोबरमध्ये पावसानंतर. रमजानच्या साफसफाईशी ती जोडू नका. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी थोडा आधी येत राहतो, पण आपला पाऊस जूनमध्येच येतो.

काय करायचं नाही?

वरचा पाईप, स्प्रिंग आणि ब्रॅकेटचे बोल्ट यांना घरच्यांनी हात लावू नये. पिळलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडू शकतो. यूट्यूब बघून हे काम करू नका. शटर उघडं असताना स्प्रिंग तुटली तर खालून ये-जा बंद करा. बंद असताना तुटली तर ते बंदच राहू द्या आणि दुसऱ्या दारातून जा. जुम्याला उशीर होतोय म्हणून अर्धवट शटरखालून वाकून निघू नका.

पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. बोर्डाच्या लाईटची किंवा मीटरची वायर शटरला घासत असेल, तर ओल्या दिवशी अख्ख्या शटरमध्ये करंट उतरू शकतो. वायर पाईपातून घ्या, अर्थिंग तपासून घ्या आणि वीज गळली की सप्लाय तोडणारा आरसीसीबी बसवून घ्या. शटरला हात लावताना झिणझिणी आली तर मेन स्विच बंद करा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मोटारचं शटर असेल तर

अमेरिकेत १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती गॅरेज-दाराच्या मोटारीला, वाटेत कोणी आलं तर दार उलटं फिरवणारी सोय कायद्याने लागते. कारण मुलं दाराखाली सापडत होती. आपल्याकडे मोटार घेताना ही सोय आहे का, ते स्वतः विचारा. रिमोट मुलांच्या हाती देऊ नका. वीज गेल्यावर हाताने शटर कसं उघडायचं, ते घरातल्या बायकांना आणि मोठ्या मुलांनाही माहीत असू द्या.

शेवटी शेजाऱ्यांचंही बघा. कोरडं शटर पहाटे किंचाळत वर गेलं की पलीकडचं बाळ जागं होतं, आजारी माणूस दचकतो. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये मोठा आहे, आणि इथे तो चार थेंब तेलात अदा होतो. तेल कधी दिलं, मिस्त्री कधी आला, ती तारीख शटरच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा. म्हणजे पुढची पाळी कधी, ते घरातल्या कुणालाही वाचता येईल.