मलाय कोण आणि मूळचे कोण?

मलेशियाच्या राज्यघटनेतील १६०व्या कलमात मलाय माणसाची व्याख्या आहे. जो इस्लाम पाळतो, रोजच्या व्यवहारात मलाय भाषा बोलतो आणि मलाय रीतिरिवाजांनुसार वागतो, तो मलाय. सोबत जन्म-वास्तव्याची एक अट आहे. पण त्याचे पूर्वज मलायच असावेत, असे कुठेही म्हटलेले नाही. म्हणूनच, ज्यांचे आजोबा केरळातून आले होते ते महाथीर मोहमद मलायांचे सर्वांत प्रभावी नेते होऊ शकले. द्वीपकल्पाचे खरे धनी मलायच, अशी बाजू त्यांनी १९७० साली ‘द मलाय डायलेमा’मध्ये मांडली. आदिवासी आधीपासून होते, पण त्यांचे राज्य नव्हते. राज्ये मलायांनी उभारली, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मलाय आले कुठून, याचा सर्वांत भक्कम पुरावा भाषेचा आहे. ऑस्ट्रोनेशियन भाषा बोलणारे दर्यावर्दी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी तैवानमधून निघाले आणि पिढ्यानपिढ्या फिलिपिन्स, बोर्निओ असे पसरत गेले. मादागास्करची भाषासुद्धा याच कुळातली. मलायचे मूळ घर बहुतेक भाषाशास्त्रज्ञ पश्चिम बोर्निओत शोधतात. लिखित मलाय मात्र प्रथम भेटते सुमात्रात. पालेम्बांगजवळच्या केदुकान बुकित शिलालेखावर तिथी आहे शके ६०५, वैशाख शुद्ध एकादशी, म्हणजे इसवी सन ६८३. पंचांगाची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही तिथी समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी दापुंता ह्यांग नावाचा नायक होडीत बसला आणि पुढे ज्येष्ठात वीस हजारांचे सैन्य घेऊन निघाला, असे त्या पल्लव लिपीतील ओळी सांगतात. श्रीविजय या राज्याच्या दर्यावरील सत्तेची ही सुरुवातीची नोंद.

याच पालेम्बांगचा राजपुत्र परमेश्वर सिंगापूरमार्गे गेला आणि १४०० च्या सुमारास त्याने मलाक्का वसवले. त्या बंदराने मलाय भाषा, इस्लाम आणि दरबारी चालीरीती एकत्र बांधल्या. गोवा घेतल्यानंतर वर्षभरातच, १५११ मध्ये, पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने मलाक्काही जिंकले; पुढे त्याचा कारभार गोव्याहून चाले. पण ओळख टिकली आणि येणाऱ्यांना सामावून घेत राहिली. नेगेरी सेंबिलानमध्ये मिनांगकाबाऊ आले, सेलांगोरच्या गादीवर बुगी घराणे बसले, जोहोरमध्ये जावाचे लोक शेती करू लागले. दोन-तीन पिढ्यांत त्यांची मुले मलाय झाली. आजच्या मलायांच्या जनुकांतही ऑस्ट्रोनेशियन पूर्वजांबरोबर मुख्यभूमीवरच्या आग्नेय आशियाई आणि भारतीय पूर्वजांचा अंश सापडतो.

या द्वीपसमूहाशी मलायांचे नाते खरे आणि जुने आहे. प्रश्न आहे तो द्वीपकल्पाच्या जंगलात त्यांच्याही आधीपासून राहणाऱ्यांचा.

पेराकमधील लेंगोंग खोऱ्यात १९९१ साली सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा मानवी सांगाडा सापडला. ओरांग आस्ली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आदिवासींचे आज अठरा गट मानले जातात. त्यांपैकी सेमांग आणि सेनोई यांच्या भाषा ऑस्ट्रोएशियाटिक कुळातल्या. मेळघाटातले कोरकू बोलतात ती भाषाही त्याच विस्तीर्ण कुळाची. एकोणिसाव्या शतकापर्यंत गुलाम पकडणाऱ्या टोळ्या ओरांग आस्लींच्या वस्त्यांवर धाडी घालत. आज ते जेमतेम दोन लाख आहेत. सरकारी भाषेत तेही ‘भूमिपुत्र’. पण राज्यघटनेच्या १५३व्या कलमातील विशेष स्थान मलायांना आणि साबा-सारावाकच्या मूळ रहिवाशांना आहे. द्वीपकल्पातल्या आदिवासींचे नाव त्यात नाही. ज्यांची वहिवाट सर्वांत जुनी, तेच वगळले जावेत, हा उघड अन्याय आहे.

सेलांगोरच्या बुकित ताम्पोईतील तेमुआन आदिवासींना असाच अन्याय १९९५ मध्ये सोसावा लागला. विमानतळाच्या महामार्गासाठी त्यांची सुमारे ३८ एकर जमीन घेतली गेली. भरपाई मिळाली ती घरांची, झाडांची, पिकांची. जमिनीची दमडीही नाही, कारण ते सरकारच्या मर्जीने राहतात, असा सरकारचा दावा होता. सागोंग तासी आणि त्यांचे सहकारी कोर्टात गेले. २००२ मध्ये उच्च न्यायालयाने परंपरागत वहिवाटीतून जमिनीवर मालकी येते, असे मान्य केले. २००५ मध्ये अपिलातही निकाल टिकला. तरी तडजोड व्हायला २०१० उजाडले.

केलांतानच्या डोंगरांत मात्र वाद पुन्हा पेटला. जंगलतोड आणि ड्युरियनच्या बागांविरुद्ध तेमियार आदिवासींनी रस्त्यांवर बांबूचे अडथळे उभारले आणि जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने त्यांची बाजू घेऊन केलांतान राज्य सरकारलाच कोर्टात खेचले.