डोळो लाव

देवगडच्या घरी, खळ्यात मी होडी बांधायला घेतली ती साडेसात फुटांची. प्लायवूड आठ बाय चारचं मिळतं. तेवढ्यात भागवलं की फळीला सांधा द्यावा लागत नाही. तळाच्या दोन फळ्या, कुशीच्या दोन, पुढे-मागे एकेक आडवी फळी. नाकही चपटंच. आमच्या वाडीतले म्हातारे मेस्त्री नकाशा बघून म्हणाले, "ही होडी काय परात?"

मेस्त्रींची होडी पठाणापासून वर चढते. आधी पठाण म्हणजे कणा, मग वाक म्हणजे फासळ्या, मग त्यांच्यावर फळ्या. माझी उलटी. सपाट फळ्या कापायच्या, कडेला भोकं पाडून त्या तांब्याच्या तारेने एकमेकींना शिवायच्या आणि आत इपॉक्सी भरायचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी 'मिरर' ही होडी अशीच आखली, तेव्हापासून हौशी लोक ती घरच्या घरी बांधत आले. शिवणकाम आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनं. अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात बांधलेलं, काथ्याने शिवलेलं 'कौंडिण्य' हे जहाज २०२५ मध्ये नौदलात दाखल झालं. पण तिथला काथ्या कायमचा. माझी तार म्हणजे कच्चा टाका. काम झालं की उसवायची.

प्लायवूड एका वेळी एकाच बाजूला वाकतं. पापडासारखं दोन्ही अंगांनी फुगवायला गेलात तर मोडतं. म्हणून होडीचा आकार शिवताना ठरत नाही, फळीची कड कापतानाच ठरून जातो.

ती कड आखण्यात माझे दोन दिवस गेले. शीटवर एक सरळ रेघ, तिच्यापासून दर फुटावर नकाशातलं अंतर, त्या खुणेवर खिळा, आणि सगळ्या खिळ्यांना टेकवून सागाची लवचिक पट्टी. पट्टीलगत पेन्सिल फिरवायची, एवढंच. चौथ्या खिळ्याशी मला काहीतरी खटकत होतं. तीनदा टेप लावला. माप बरोबर.

मेस्त्री उकिडवे बसले, गाल शीटला टेकवला, एक डोळा मिटला.

"टेप ठेव बाजूक. डोळो लाव."

मीही गाल टेकवला. पट्टी त्या खिळ्याशी किंचित पोट काढून होती. मेस्त्रींनी खिळा उपटला, तशी पट्टी आपणहून सरकून जागेवर बसली. चार-पाच मिलिमीटरचा फरक. चूक माझीच होती: नकाशातला आकडा वाचतानाच चुकलो होतो, मग टेप तरी काय करणार?

जोडीच्या फळ्या एकावर एक ठेवून एकदमच रंधल्या, म्हणजे डावं-उजवं सारखं. शिवून झाल्यावर पुढे-मागे दोन सरळ काठ्या आडव्या ठेवल्या आणि मागून पाहिलं. एक काठी दुसरीच्या मागे पुरती लपली नाही, तर होडीला पीळ आहे. होता. दोन तारा सैल करून तिरका दोर ताणला, तेव्हा गेला.

एप्रिलच्या दुपारी मगात कालवलेल्या इपॉक्सीला बघता बघता चटका बसेल इतकी ऊब चढली, मग धूर. पुढचं सगळं पहाटे, थोडं थोडं, पसरट ताटलीत. घासकामाची लाकडी पूड घालून श्रीखंडाएवढं घट्ट केलं, सांध्यात भरून गोल टोकाच्या पट्टीने ओढलं. ते सुकल्यावर तारा काढल्या, भोकं बुजवली, सांध्यावर काचकापडाची पट्टी डकवली.

खाडीत न्यायची घाई मलाच होती. मेस्त्री म्हणाले, "आधी आत पानी भर. खंय गळता ता बाहेरसून बघ."

होडी चार ठोकळ्यांवर चढवली, आत वीतभर पाणी ओतलं. दोघं दोन बाजूंनी उकिडवे बसलो. डाव्या कुशीखाली, तिसऱ्या भोकाशी एक थेंब धरत होता. तो मेस्त्रींच्या आधी मला दिसला.