जुनं ॲप नवीन फोनवर इन्स्टॉल का होत नाही? तीन कारणं आणि उपाय

नवीन फोन घेतला. जुना आवडता गेम प्ले स्टोअरवर आता मिळत नाही, म्हणून त्याची एपीके फाईल जपून ठेवली होती. ती टॅप केली आणि स्क्रीनवर मेसेज आला, ‘ॲप नॉट इन्स्टॉल्ड’. फाईल तीच आहे, जुन्या फोनवर गेम अजूनही मस्त चालतोय. मग घोडं अडलं कुठे? बहुतेक वेळा कारण पुढच्या तीनपैकी एक असतं.

कारण १ : ॲप फार जुन्या अँड्रॉइडसाठी बनलंय

प्रत्येक ॲपमध्ये डेव्हलपरने एक आकडा लिहिलेला असतो : हे ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या व्हर्जनच्या नियमांप्रमाणे बनवलंय. याला टार्गेट एसडीके म्हणतात.

२०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं आणि कॅमेरा, कॉन्टॅक्ट्स, एसएमएस यांची परवानगी ॲपला वापराच्या वेळी मागावी लागू लागली. त्याआधी इन्स्टॉल करतानाच सगळ्या परवानग्या एकदम दिल्या जायच्या. जुनी ॲप्स बंद पडू नयेत म्हणून आकडा २२ किंवा त्याहून कमी असेल तर जुनेच नियम लावायचे, अशी सोय ठेवली होती. चोरांनी हीच पळवाट पकडली. नवीन मालवेअर बनवायचं आणि आकडा मुद्दाम २२ टाकायचा!

म्हणून २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून २३ पेक्षा कमी आकड्याची ॲप्स इन्स्टॉल होणं बंद झालं. अँड्रॉइड १५ मध्ये ही मर्यादा २४ झाली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ओएस अपडेट करण्याआधीपासून फोनमध्ये असलेलं जुनं ॲप अपडेटनंतरही राहतं. पण तुम्ही ते एकदा काढलं, की परत टाकता येत नाही.

कारण २ : सही जुळत नाही

प्रत्येक एपीकेवर डेव्हलपरची डिजिटल सही असते. ती त्याच्याकडच्या गुप्त कीने केलेली असते. फाईलमधला कोड कुणी बदलला, की ती सही चालत नाही. मग बदल करणाऱ्याला स्वतःच्या कीने नवी सही करावी लागते. ‘मॉड’ एपीकेचं नेमकं हेच होतं.

अपडेट येतं तेव्हा फोन नवी सही आधीच्या सहीशी ताडून बघतो. नाही जुळली तर अपडेट नाकारतो. कारण अपडेटला आधीच्या ॲपचा सगळा डेटा मिळतो. ही तपासणी नसती तर कुणीही तुमच्या बँकेच्या ॲपवर नकली अपडेट चढवलं असतं.

कधीकधी दोन्ही फाईली अस्सल असूनही सही वेगळी असते. उदाहरणार्थ, एफ-ड्रॉइड हे स्टोअर बऱ्याच ॲप्सवर स्वतःची सही करतं. त्यामुळे तिथून घेतलेल्या ॲपवर प्ले स्टोअरचं अपडेट बसत नाही.

कारण ३ : ३२ बिट आणि ६४ बिट

काही जुन्या ॲप्समध्ये, विशेषतः गेम्समध्ये, फक्त ३२ बिटचा कोड असतो. २०२२ च्या पिक्सेल ७ पासून काही फोन असा कोड चालवतच नाहीत. आयफोनवर हे आधीच झालंय : २०१७ च्या आयओएस ११ ने ३२ बिट ॲप्स बंद केली.

मग करायचं काय?

• आधी प्ले स्टोअरवर किंवा डेव्हलपरच्या अधिकृत साईटवर नवीन व्हर्जन शोधा.
• सही जुळत नसेल तर ‘अनइन्स्टॉल करून परत टाक’ हा सल्ला लगेच ऐकू नका. अनइन्स्टॉल केलं की ॲपमधला डेटाही जातो. नोट्स, हिशोब, गेमचं सेव्ह, जे असेल त्याचा आधी बॅकअप घ्या.
• जुन्या ॲपमध्ये महत्त्वाचं काही असेल तर ओएस अपडेटआधी किंवा फोन बदलण्याआधीच ते एक्स्पोर्ट करून ठेवा.
• नवीन ॲपने कारण नसताना एसएमएस वाचायची परवानगी मागितली तर देऊ नका. तुमचे ओटीपी तिथेच येतात.

आणि शेवटचं. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलान म्हणून एपीके फाईल आली, तर ती उघडूच नका. अशा फाईलवरही सही असते, फक्त ती चोराची असते. सही जुळते का, हे फोन बघतो. पण पहिल्यांदाच येणाऱ्या ॲपची सही ताडायला त्याच्याकडे आधीचं काहीच नसतं. तिथे विचार तुम्हालाच करावा लागतो. घरात आई-बाबांनाही हे एकदा समजावून सांगा.