‘रिकाम्या’ बंदुकीपासून सावध!



रानडुकरांनी एका रात्रीत उसाचा फड लोळवला की जीव किती तळमळतो, हे आपणांस सांगायला नको. म्हणूनच पीकसंरक्षणासाठी परवाना काढून काहींनी घरी बंदूक ठेवली आहे. परंतु हयगय झाली तर हीच बंदूक डुकराऐवजी घरच्या माणसाचा घात करते. “रिकामीच हाय की!” हे वाक्य त्यात सर्वांत धोक्याचे.

बारा बोअरच्या दुनळीची ‘सेफ्टी’ बहुधा फक्त चाप अडवते. आतला घोडा ताणलेलाच राहतो. भरलेली बंदूक बांधावर आपटली, तर सेफ्टी लावलेली असूनही बार उडू शकतो. म्हणून भरवसा सेफ्टीवर नको, रिकाम्या नळीवर ठेवावा.

पुढील गोष्टी अंगवळणी पाडाव्यात :

(१) बंदूक हाती घेताना आणि दुसऱ्याला देताना उघडून दोन्ही नळ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात.

(२) नळीचे तोंड माणसाकडे कधीच नको. नेम धरेपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर ठेवावे.

(३) पाट, बांध, कुंपण ओलांडताना किंवा ट्रॅक्टरवर चढताना आधी काडतुसे काढावीत.

(४) नळीत चिखल गेला असेल तर बार काढू नये. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरमध्ये गेले, तर पुढे सरकून अडकते. त्यामागे दुसरे भरून चाप ओढला की नळी फुटते.

(५) बंदूक कुलपात, काडतुसे वेगळ्या कपाटात आणि किल्ली मालकाच्या कमरेला.

फडात खसफस झाली म्हणून अंदाजाने बार टाकू नये. हंगामात तोडणीच्या टोळ्या पहाटे अंधारातच फडात शिरतात, सोबत लेकरं असतात. उसाचा पाला छर्रे अडवत नाही. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकरासाठीही वनखात्याची परवानगी लागते.

वरातीत किंवा निवडणुकीच्या गुलालात हवेत बार काढण्याची हौसही सोडावी. शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार, निष्काळजीपणाने वा आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

डुकरानं नासलेल्या उसाचा खोडवा तरी फुटतो. गेलेला माणूस परत येत नाही.