परक्या दर्यावर्दीची चाकरी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मनीषनगरापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही आज नागपूरची मुले मर्चंट नेव्हीत जातात, परक्या देशाच्या निशाणाखाली काम करतात. ही रीत जुनीच आहे आणि तिचा एक ठळक दाखला आपल्याच इतिहासात सापडतो.

१६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. लवकरच तेथे लढाऊ जहाजांची बांधणी सुरू झाली. कामावर होता रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज. त्याच्या हाताखाली तीनशेहून अधिक पोर्तुगीज व मिश्रवंशीय माणसे होती. जहाजे सिद्दीविरुद्ध वापरायची, असे त्यांना सांगण्यात आले होते.

अशा व्यवहारात दोघांचाही लाभ असतो. राजाला तयार कसब मिळते, कसबी माणसाला रोजगार आणि मान मिळतो. पण एक गाठ सैलच राहते, ती म्हणजे निष्ठेची. हीच जहाजे उद्या आपल्यावर आली तर, ही धास्ती वसईच्या पोर्तुगीज कप्तानाला पडली. त्याने व्हिएगसचे मन वळवले आणि १६५९ मध्ये ही सारी मंडळी काम टाकून गुपचूप निघून गेली.

आरमार मात्र थांबले नाही. १६७९ साली खांदेरीवर इंग्रजांशी गाठ पडली, तेव्हा बेटावर मायनाक भंडारी होते आणि आरमार दौलतखानाकडे होते.

चाकरी देणाऱ्याकडूनही गाठ सुटते. ब्रिटिश नौदलातून काढलेला लॉर्ड कॉक्रन १८१८ साली चिलीच्या आरमाराचा प्रमुख झाला. १८२० मध्ये त्याने वाल्दिव्हिया जिंकले. पण पुढे पैशांवरून खटके उडाले आणि तो ब्राझीलच्या चाकरीत गेला.

आजही हा प्रश्न मिटलेला नाही. कतारमध्ये खासगी कंपनीत असलेल्या भारतीय नौदलाच्या आठ माजी कर्मचाऱ्यांना २०२२ साली अटक झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांना फाशीची शिक्षा झाली, डिसेंबरात ती कमी झाली. भारत सरकारच्या प्रयत्नांनंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांतले सात जण मायदेशी परतले.

तेव्हा परदेशी नोकरीचे पत्र हाती आले, की पगाराच्या आकड्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. तिथे कायदा कोणाचा चालतो? आणि अडचण आली तर आपल्यासाठी दार ठोठावणार कोण?