इंग्रजी 'हॅव' आणि मराठी 'असणे' : एका सामान्य क्रियापदाचे अर्थ व उपयोग

प्रस्तावना

'बी', 'हॅव' आणि 'डू' ही इंग्रजीतील सर्वाधिक वापरली जाणारी क्रियापदे होत. यांपैकी 'हॅव' हे क्रियापद शालेय पुस्तकात प्रारंभीच येते, त्याचा अर्थ 'जवळ असणे' असा सांगितला जातो आणि त्यानंतर त्याकडे पुन्हा वळून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. तथापि पदवीच्या वर्गातही 'आय ॲम हॅविंग थ्री ब्रदर्स', 'नियर मी देअर इज नो मनी', 'टू मी फीवर इज कमिंग' अशा प्रकारची वाक्ये आढळतात. अशा वाक्याखाली लाल रेघ ओढली जाते, गुण कमी होतात आणि विद्यार्थी 'आपल्याला इंग्रजी येत नाही' असा समज करून घेतो.

मालवण-कसाल मार्गावरील कट्टा आणि परिसरातील गावांतून मराठी माध्यमात शिकून आलेला विद्यार्थी घरी मालवणी बोलतो, शाळेत प्रमाण मराठी शिकतो आणि हिंदी धरल्यास इंग्रजी ही त्याची चौथी भाषा ठरते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जाऊ लागला. मात्र वर्षे वाढली तरी वर उल्लेखिलेल्या चुका नाहीशा झाल्या नाहीत. या चुका अज्ञानातून होत नसून मराठीतील एका सूक्ष्म व्यवस्थेतून होतात, हे 'हॅव'च्या अर्थांचा व उपयोगांचा परामर्श घेऊन स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

'हॅव'ची व्युत्पत्ती

'हॅव' हा शब्द प्राचीन इंग्रजीतील 'हाबान' या धातूपासून आला. लॅटिनमधील 'हाबेरे' या क्रियापदाचा अर्थही हाच असल्याने आणि दोहोंत ध्वनिसाम्य असल्याने ते एकाच मूळाचे असावेत असे सहज वाटते. परंतु भाषाशास्त्रानुसार 'हॅव'चा सगोत्र लॅटिन शब्द 'कापेरे' म्हणजे 'पकडणे' हा आहे. मूळ अर्थ पकडण्याचा, त्यावरून हाती असण्याचा, त्यावरून मालकीचा, आणि अखेरीस केवळ काळ दर्शविणाऱ्या साहाय्यक क्रियापदाचा, असा या शब्दाचा प्रवास झाला आहे. म्हणजे 'हॅव'मध्ये कर्ता हा धरणारा आणि वस्तू ही त्याचे कर्म असते. मराठीत याच्या उलट वस्तू हीच 'असते' आणि तिचा धनी विभक्तीने अथवा शब्दयोगी अव्ययाने दाखविला जातो. दोन भाषांतील मूलभूत भेद येथे आहे.

स्वामित्वदर्शक 'हॅव' आणि मराठीतील भेद

इंग्रजी ज्या ठिकाणी 'हॅव' हा एकच शब्द वापरते, त्या ठिकाणी मराठी संबंधाचे स्वरूप पाहून वेगवेगळी रचना करते.

(१) नाते व अवयव : येथे '-ला' हा प्रत्यय येतो. 'मला तीन भाऊ आहेत', 'माणसाला दोन डोळे असतात'. मालवणीत '-ला'च्या जागी '-क' येतो : 'माका तीन भाव आसत'.

(२) स्थावर व कायम मालकी : येथे '-चा, -ची, -चे' हे षष्ठीचे प्रत्यय येतात. 'त्याची आंब्याची बाग आहे', 'तिचे कट्ट्याला घर आहे'.

(३) तूर्त जवळ असणे : येथे '-कडे', '-जवळ', '-पाशी' ही अव्यये येतात. 'माझ्याकडे पेन आहे' या वाक्यातून ते पेन कोणाच्या मालकीचे आहे हे कळत नाही. ते या क्षणी कोणापाशी आहे एवढेच कळते.

(४) गुण व वृत्ती : 'तिच्यात धैर्य आहे', 'त्याच्या अंगी चिकाटी आहे'.

(५) आजार व शारीरिक अवस्था : 'मला ताप आहे', 'मला ताप आला आहे'. मालवणीत 'माका ताप इलो'. येथे ताप हा कर्ता असून तो माणसाकडे येतो; माणूस त्याला धरून ठेवत नाही.

हे भेद केवळ शैलीचे नाहीत. 'माझ्याकडे दोन भाऊ आहेत' असे कोणी म्हटल्यास दोन भाऊ सध्या त्याच्या घरी राहावयास आले आहेत असा अर्थ होईल. 'मला पेन आहे' हे वाक्य तर मराठीभाषकाच्या कानाला खटकते. ज्या विद्यार्थ्याने व्याकरणाचे पुस्तक उघडलेले नाही तोही या रचनांत चूक करीत नाही. इंग्रजी शिकताना मात्र हे सर्व भेद विसरून एकाच शब्दाने काम भागवावयाचे असते. 'नियर मी देअर इज नो मनी' लिहिणारा विद्यार्थी 'माझ्याजवळ' या शब्दातील '-जवळ'चा अर्थ इंग्रजीत आणू पाहतो. त्याची चूक म्हणजे इंग्रजीला नको असलेला काटेकोरपणा आहे.

कृतिदर्शक 'हॅव' आणि 'हॅविंग'चा प्रश्न

'हॅव'चा दुसरा मोठा अर्थसमूह कृतीचा आहे. 'हॅव लंच', 'हॅव अ बाथ', 'हॅव अ लुक', 'हॅव अ मीटिंग' या प्रयोगांत मालकीचा अंशही नाही. मराठीत त्यांसाठी अनुक्रमे जेवणे, आंघोळ करणे, नजर टाकणे, सभा घेणे अशी निरनिराळी क्रियापदे येतात.

'हॅविंग' हे चालू काळाचे रूप केव्हा चालते, याचा उलगडा येथे होतो. इंग्रजी व्याकरणात स्थितिदर्शक क्रियापदे सामान्यतः चालू काळात येत नाहीत, असा नियम दिला जातो. परंतु 'हॅव' हे काही वेळा स्थितिदर्शक तर काही वेळा कृतिदर्शक असल्याने विद्यार्थ्याचा गोंधळ होतो. त्यासाठी मराठीच कसोटी पुरविते. वाक्याचे मराठी करताना 'असणे' हे क्रियापद आले, तर 'हॅविंग' वापरू नये. 'करणे', 'घेणे', 'जेवणे', 'होणे' यांसारखे दुसरे क्रियापद चालू काळात आले, तर 'हॅविंग' चालते. 'मला तीन भाऊ आहेत' : म्हणून 'आय हॅव थ्री ब्रदर्स'. 'ती जेवत आहे' : म्हणून 'शी इज हॅविंग लंच'. 'त्यांना त्रास होत आहे' : म्हणून 'दे आर हॅविंग ट्रबल'. आजारांच्या बाबतीत ही कसोटी जपून लावावी लागते. तेथे 'ताप येणे' या रचनेऐवजी 'ताप असणे' ही रचना समोर ठेवल्यास 'आय हॅव अ फीवर' हे योग्य रूप मिळते.

आवश्यकता, प्रयोजकता आणि पूर्ण काळ

'हॅव टू' ही रचना आवश्यकता दर्शविते. 'आय हॅव टू गो' म्हणजे 'मला जावे लागते' किंवा 'मला जायचे आहे'. मालवणीत 'माका जावचा आसा'. येथेही इंग्रजी कर्त्याच्या जागी मराठीत '-ला' प्रत्यय लागलेले पद येते, हे लक्षणीय आहे. खरी अडचण नकारात उद्भवते. 'यू डोन्ट हॅव टू गो' म्हणजे 'तुला जायलाच हवे असे नाही'. 'यू मस्ट नॉट गो' म्हणजे 'तू जाता कामा नये'. पहिल्यात मोकळीक आहे, दुसऱ्यात मनाई आहे. परीक्षेच्या सूचना अथवा कार्यालयीन पत्रे वाचताना हा भेद न कळल्यास अर्थाचा अनर्थ होऊ शकतो.

प्रयोजक 'हॅव'साठी मराठीत 'करून घेणे' ही सुबोध रचना आहे. पावसाळ्यापूर्वी घर शाकारून घेतले, केस कापून घेतले, अर्ज लिहून घेतला, या सर्व वाक्यांचे इंग्रजी रूप 'हॅड' आणि त्यापुढे कर्म व भूतकालवाचक धातुसाधित असे होते : 'ही हॅड हिज हेअर कट'. येथे शब्दक्रम महत्त्वाचा आहे. 'ही हॅड कट हिज हेअर' असे म्हटल्यास त्याने स्वतःच केस कापले होते असा अर्थ होतो.

पूर्ण काळातील साहाय्यक 'हॅव'चा उगम याच प्रकारच्या रचनेत आहे. 'माझ्याजवळ लिहिलेले पत्र आहे' या अर्थाच्या वाक्यातून कालांतराने 'मी पत्र लिहिले आहे' हा अर्थ विकसित झाला. मराठी येथेही 'असणे' हेच क्रियापद योजते. मात्र मराठीत 'मी त्याला काल पाहिले आहे' हे वाक्य चालते, तर इंग्रजीत 'येस्टरडे'सारख्या निश्चित भूतकाळदर्शक शब्दाबरोबर 'हॅव सीन' चालत नाही, तेथे 'सॉ' हवे. 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' ही सार्वत्रिक चूक मराठी रचनेच्या या सवलतीतून निर्माण होते.

अन्य भाषांतील स्थिती

'हॅव'सारखे क्रियापद नसणे ही मराठीची उणीव आहे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बाँव्हनिस्त यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात 'असणे' व 'जवळ असणे' या क्रियापदांचा परस्परसंबंध तपासला आणि 'हॅव'सारखे क्रियापद जगातील भाषांत सार्वत्रिक नाही, 'अमुकाला आहे' ही रचनाच अधिक प्रचलित आहे, असे दाखवून दिले. लिऑन स्टासेन यांनी २४० भाषांची तुलना केली, तेव्हा त्यांपैकी ६३ भाषांतच, म्हणजे सुमारे एकचतुर्थांश भाषांत, 'हॅव'च्या धर्तीची रचना प्रमुख असल्याचे आढळले. संस्कृतमध्ये 'मम पुत्रः अस्ति' असे म्हणतात, रशियन भाषेतही 'माझ्यापाशी आहे' अशाच धर्तीची रचना आहे आणि लॅटिनमध्ये 'हाबेरे'बरोबरच 'मला आहे' ही रचनाही होती. तेव्हा मालवणीतील 'माका आसा' ही रचना जगातील बहुसंख्य भाषांच्या पंक्तीत बसणारी आहे. या परिसराच्या बोलीची दखल ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) 'कुडाळी' या नावाने घेतली गेली आहे. इंग्रजीच्या वर्गात मात्र ती आजही अडथळा म्हणूनच पाहिली जाते.

उलट दिशेचा परिणाम

या विषयाला दुसरीही एक बाजू आहे. 'माझ्याकडे एक प्रश्न आहे', 'आज माझ्याकडे वेळ नाही', 'माझ्याकडे दोन मुले आहेत' अशी वाक्ये आज शिक्षितांच्या मराठीत वाढत्या प्रमाणात ऐकू येतात. 'माझा एक प्रश्न आहे', 'आज मला वेळ नाही', 'मला दोन मुले आहेत' या स्वाभाविक रचना त्यामुळे मागे पडत आहेत. इंग्रजीतील 'हॅव' आणि हिंदीतील 'के पास' यांच्या प्रभावाने '-कडे' हे अव्यय सर्वच संबंधांवर पसरू लागले आहे. विद्यार्थ्याने मराठीतील भेद इंग्रजीत नेले की ती चूक ठरते. शिक्षिताने इंग्रजीतील एकसारखेपणा मराठीत आणला, तर त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, 'हॅव' शिकविताना त्याचा एकच मराठी प्रतिशब्द देणे अपुरे आहे. विद्यार्थ्याने प्रथम ते वाक्य आपल्या बोलीत म्हणावे, त्यातील प्रत्यय व क्रियापद ओळखावे आणि मग इंग्रजी रचनेकडे वळावे, हा क्रम अधिक उपयुक्त ठरेल. त्यासाठी वेगळी साधने अथवा वेगळी तासिका लागत नाही. फळ्यावर 'माका', 'माझा' व 'माझ्याकडे' असे तीन रकाने आखले तरी प्रारंभ होऊ शकतो. असा प्रारंभ केल्यास विद्यार्थ्याचे इंग्रजी सुधारेल, तसेच आपल्या बोलीत जे भेद आहेत ते इंग्रजीतही नाहीत, याची जाणीव त्यास होईल. उत्तरपत्रिकेत पुढच्या वेळी 'नियर मी' असे आढळल्यास त्याखाली रेघ जरूर ओढावी. परंतु विद्यार्थ्याला कोणता भेद सांगावयाचा होता, हेही त्या रेघेपाशी लिहिले जाणे आवश्यक आहे.