खोळंबा नेमका कुठे आहे?

उद्योग चालवताना येणाऱ्या अडचणी दोन जातींच्या असतात. जुने यंत्र दुरुस्त करावे की नवे घ्यावे, ही हिशेबाची अडचण. माहिती जमवली, आकडेमोड केली, की उत्तर हाती येते. दुसरी जात गुंत्याची. किंमत उतरवावी तर दर्जा घसरतो, दर्जा राखावा तर गिऱ्हाइकाला परवडत नाही, गिऱ्हाईक कमी झाले की खर्च आणखी अंगावर येतो. एक धागा ओढला की दुसरीकडची गाठ आवळते. अमेरिकेतील बर्कले येथील हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या अध्यापकांनी 1973 साली नियोजनाविषयी लिहिताना अशा प्रश्नांना ‘दुष्ट’ हे विशेषण लावले. प्रश्नाची मांडणी हाच त्यातला सर्वांत अवघड भाग असतो आणि मांडणी बदलली की उत्तरही बदलते, असे त्यांचे म्हणणे होते.

उद्योजकांच्या चरित्रांत कल्पकता बहुधा डोक्यात वीज चमकल्यासारखी रंगवलेली असते. प्रत्यक्षात काय घडले ते बारकाईने पाहिले तर वेगळे चित्र दिसते. ज्यांनी मोठे गुंते सोडवले, त्यांतल्या बहुतेकांनी काम नेमके कुठे अडते ते जवळून पाहिले, आणि बाकी सगळे जिथे उत्तर शोधत होते ती जागा सोडून दिली.

ती जागा सोडणे मुळीच सोपे नसते. जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांचा एक प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. माणसापुढे एक मेणबत्ती, आगकाड्या आणि टाचण्यांनी भरलेली एक लहान पेटी ठेवायची. मेणबत्ती भिंतीवर लावायची आहे. पुष्कळ जण टाचणीने मेणबत्तीच भिंतीला ठोकू पाहतात किंवा मेण वितळवून ती चिकटवू पाहतात. उत्तर असे की पेटीतल्या टाचण्या ओतून काढायच्या, रिकामी पेटी भिंतीला टाचायची आणि तिच्यावर मेणबत्ती उभी करायची. तीच पेटी आधीपासून रिकामी ठेवली, तर उत्तर सापडणाऱ्यांची संख्या वाढते. टाचण्यांनी भरलेली पेटी ‘टाचण्या ठेवायची वस्तू’ म्हणूनच दिसत राहते. अनुभवी माणसाची अडचण हीच असते. धंद्यातली प्रत्येक वस्तू त्याला तिच्या नेहमीच्या कामासकट दिसते.

जहाज वाहतुकीत ही पेटी ओतून रिकामी केली ती माल्कम मॅकलीन या अमेरिकी ट्रकवाल्याने. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समुद्रमार्गे जाणारा माल सुटा जात असे. पोती, पिंपे, गाठी, खोकी असे जे असेल ते ट्रकमधून धक्क्यावर उतरवायचे, गोदामात रचायचे, तिथून जाळीत घालून यारीने जहाजाच्या पोटात सोडायचे आणि आत माणसांनी ते हाताने लावायचे. दुसऱ्या बंदरात हेच सगळे उलट्या क्रमाने. मुंबईच्या गोदीतही हीच रीत होती. चढउताराला कित्येक दिवस लागत, माल फुटे, भिजे, चोरीला जाई, आणि जहाज धक्क्याला बांधलेले राही. खर्च कमी करायचा तर जहाज अधिक वेगाने आणि कमी इंधनात चालले पाहिजे, असा जहाज कंपन्यांचा विचार असे. पण धक्क्याला बांधून ठेवलेल्या जहाजाला वेग कितीही असला तरी त्याचा उपयोग शून्य.

मॅकलीन यांनी 1934 साली एका जुन्या ट्रकवर धंदा सुरू केला होता. 1950च्या सुमारास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील महामार्ग गाड्यांनी तुंबू लागले, तेव्हा ट्रकचे ट्रेलरच जहाजावर चढवून किनाऱ्याकिनाऱ्याने न्यावेत, असे त्यांच्या मनात आले. ही कल्पना अर्धवट होती आणि ते त्यांच्या लवकरच ध्यानात आले. चाकांसकट ट्रेलर नेले तर चाकांखालची जागा फुकट जाते आणि एकावर एक रचताही येत नाही. मग चाके काढून नुसता डबाच न्यायचा ठरले. खरी झेप इथे आहे. मॅकलीन यांच्या लेखी जहाज, ट्रक आणि रेल्वे हे तीन धंदे राहिले नाहीत. माल हलवणे हा एकच धंदा उरला, आणि एकदा भरलेला डबा मालकाच्या दारात पोचेपर्यंत उघडायचा नाही, हा त्याचा नियम ठरला. ट्रकचा धंदा करणाऱ्याला जहाज कंपनी बाळगण्याची कायद्याने मुभा नव्हती, म्हणून 1955 साली त्यांनी आपली भरभराटीची ट्रक कंपनी सोडली आणि जहाज कंपनी घेतली.

डब्याची रचना कीथ टँटलिंगर या अभियंत्याने केली. त्याने आधी दोन डबे नमुन्यादाखल पाठवले. बैठकीच्या दिवशी तो सकाळी ठरल्या जागी पोचला तर मंडळी तिथे नव्हती. मॅकलीन आणि त्यांचे अधिकारी गोदीत जाऊन त्या डब्यांच्या छपरांवर उड्या मारून मजबुती अजमावत होते. डबे टिकले. जुने तेलवाहू जहाज घेऊन त्याच्यावर डबे बसतील असा सांगाडा उभारला गेला, आणि 26 एप्रिल 1956 रोजी ‘आयडियल-एक्स’ हे जहाज 58 डबे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले. सुटा माल चढवण्यास त्या काळी टनामागे 5 डॉलर 83 सेंट लागत. या जहाजाचा हिशेब टनामागे 16 सेंटांच्याही आत आला.

धातूचा डबा हा काही नवा शोध नव्हता. रेल्वे आणि सैन्य असे डबे आधीही वापरत. मॅकलीन यांचे मोठेपण दुसरीकडे आहे. डबा चालायचा तर यारी बदलली पाहिजे, जहाज बदलले पाहिजे, ट्रकचा सांगाडा, बंदर, गोदाम, अगदी पावत्यासुद्धा बदलल्या पाहिजेत, हे त्यांनी पहिल्यापासून धरले. डब्याच्या कोपऱ्यांतील पकडीचे पेटंट त्यांच्या कंपनीकडे होते. ते त्यांनी इतरांना खुले केले, कारण एकाच कंपनीच्या यारीला बसणारा डबा जगभर फिरू शकत नाही. व्हिएतनाम युद्धात त्यांची जहाजे अमेरिकी सैन्याचा माल नेत आणि परत येताना डबे रिकामे असत. जाण्यायेण्याचे भाडे सरकार देतच होते. मॅकलीन यांनी परतीची जहाजे जपानला वळवली आणि तिथला कारखान्यांचा माल त्याच डब्यांत भरून अमेरिकेला आणला. मुंबईपलीकडचे न्हावाशेवा बंदर 1989 साली सुरू झाले ते मुख्यतः या डब्यांसाठीच. नाशिकची द्राक्षे थंड कंटेनरात भरून युरोपला जातात तीही इथूनच.

खोळंब्याची जागा शोधायची रीत जपानमध्ये टोयोटाच्या ताइइची ओहनो यांनी कामगारांच्या अंगवळणी पाडली. यंत्र बंद पडले की ‘का’ हा प्रश्न पाचदा विचारायचा. यंत्रावर भार जास्त आला आणि फ्यूज उडाला. का? बेअरिंगला वंगण कमी पडले. का? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का? गाळणी नव्हती, धातूचा कीस आत गेला. पहिल्या उत्तरावर थांबणारा फ्यूज बदलतो आणि यंत्र पुन्हा बंद पडते. पाचव्यावर पोचणारा गाळणी बसवतो. ओहनो यांनी सुटे भाग साठवण्याच्या प्रश्नाचे उत्तर मोटार कारखान्यांत शोधलेच नाही, ते अमेरिकेतील सुपरमार्केटच्या मांडणीवरून घेतले. गिऱ्हाइकाने जेवढे उचलले तेवढेच फळीवर पुन्हा भरायचे. 1950 साली टोयोटा दिवाळखोरीच्या काठावर होती. माल साठवून ठेवायला तिच्याजवळ पैसाच नव्हता, आणि या तंगीतूनच ही पद्धत घडत गेली.

दूरच्या धंद्यातून रीत उचलण्याचे याहून हृद्य उदाहरण मदुराईचे आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी हे नेत्रशल्यविशारद. तरुणपणीच्या संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती, तरी त्याच हातांनी त्यांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर 1976 साली त्यांनी 11 खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. मोतीबिंदूने अंध झालेली माणसे देशात लाखोंनी होती, डॉक्टर मोजके आणि पैसा जवळपास नाहीच. आणखी डॉक्टर, आणखी अनुदान हे नेहमीचे उत्तर. डॉ. वेंकटस्वामी यांनी हाताशी असलेल्या डॉक्टरचा दिवस कशात जातो ते पाहिले. रुग्णाला टेबलावर घेणे, डोळा स्वच्छ करणे, औषध घालणे, पट्टी बांधणे यांतच बराच वेळ जाई, आणि शल्यविशारदावाचून अडणारे काम थोडाच वेळ चाले. अमेरिकेत मॅक्डोनाल्डच्या उपाहारगृहांत त्यांनी ठरलेल्या पायऱ्यांनी चालणारे, कुठेही सारख्याच दर्जाचे काम पाहिले होते. तीच शिस्त त्यांनी शस्त्रक्रियागृहात आणली.

तिथे डॉक्टरच्या दोन्ही बाजूंना टेबले असतात. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावरच्या रुग्णाची सगळी तयारी परिचारिका करून ठेवतात. पहिला डोळा झाला की सूक्ष्मदर्शकाचा दांडा फिरवायचा आणि दुसरा सुरू करायचा. परिचारिका बहुतेक खेड्यांतल्या मुली, रुग्णालयानेच शिकवून तयार केलेल्या. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या मिळकतीतून गरिबांचे उपचार फुकट किंवा नाममात्र दरात होतात.

इतके करूनही शिबिरात तपासलेले पुष्कळ गरीब रुग्ण शस्त्रक्रियेला फिरकत नसत. उपचार फुकट होता, मग माणसे का येत नव्हती? शोध घेतल्यावर कळले की बसभाडे, मुक्कामातले जेवण आणि बुडणारी मजुरी हीच त्यांची किंमत होती. मग रुग्णालयाने आपल्या बसमधून माणसे आणायला आणि त्यांच्या जेवणाखाण्याची सोय करायला सुरुवात केली. डोळ्यात बसवायचे परदेशी भिंग गरिबाच्या आवाक्याबाहेर होते, म्हणून 1992 साली ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढून त्यांनी ते किमतीच्या लहानशा अंशात तयार केले. उद्योगाच्या इतिहासात खोळंबा इतक्या चिकाटीने, एकेक पायरी मागे जात शोधल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

काही वेळा खोळंबा माणसाच्या मनात असतो. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर चांगला होता, पण लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. नांगरात सुधारणा करून हे सुटण्यासारखे नव्हते. शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पिकातला फरक दिसेपर्यंत टिकून राहणे एवढाच उपाय होता, आणि लक्ष्मणराव टिकले. पुढे बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या राजेसाहेबांच्या मदतीने 1910 साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली.

कल्पकतेने यश हमखास येते असे मात्र नाही, आणि याचा पुरावा मॅकलीन यांनीच दिला आहे. 1969 साली त्यांच्या कंपनीने 33 नॉट वेगाची आठ अतिशय वेगवान जहाजे बांधायला दिली. ती समुद्रात उतरतात न उतरतात तोच 1973 साली तेल भडकले आणि प्रचंड इंधन खाणारी ही जहाजे परवडेनाशी झाली. धडा घेऊन त्यांनी 1980च्या दशकात दुसऱ्या कंपनीसाठी 12 अवाढव्य, संथ, इंधन वाचवणारी जहाजे घेतली. तेवढ्यात तेल स्वस्त झाले, मंद गतीचा फायदा उरला नाही, आणि 1986 साली ती कंपनी अब्जाहून अधिक डॉलरच्या कर्जासह दिवाळखोरीत गेली.

दोन्ही वेळा त्यांनी तेलाच्या भावावर पैज लावली होती. तो भाव त्यांच्या हातात नव्हता आणि लहान प्रमाणात अजमावून पाहण्यासारखाही नव्हता. 1956चा डबा तसा नव्हता. त्याच्या छपरावर उडी मारून पाहता आली होती, एका जुन्या जहाजावर 58 डबे चढवून हिशेब मांडता आला होता. अरविंदही 11 खाटांवर सुरू झाले आणि ओहनो यांनीही आपली पद्धत आधी एका यंत्रशाळेत चालवून पाहिली. नव्या कल्पनेचा वकूब जाहीर करण्याआधी तिचा पहिला प्रयोग किती लहान करता येईल हे विचारावे, इतके या उदाहरणांवरून खात्रीने म्हणता येते.

दिवाळखोरीनंतर मॅकलीन गप्प बसले नाहीत. पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांनी अमेरिका आणि पोर्तो रिको यांच्यामध्ये कंटेनर नेणारी आणखी एक कंपनी काढली. 25 मे 2001 रोजी ते वारले. त्यांच्या अंत्यविधीच्या सकाळी जगभरातील कंटेनर जहाजांनी भोंगे वाजवले.